सासरहून आलेलं टेंगूळ

कवळीवाल्यांनी सायकलची जुनी फ्रेम विकायला काढली, तेव्हा जाहिरातीच्या चार ओळी लिहायला त्यांना तीन दिवस लागले. तेवढ्यात त्यांच्या दोन पूर्ण कवळ्या झाल्या असत्या. पण कवळी परक्याच्या तोंडात जायची असते, आणि ही फ्रेम सव्वीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या बुडाखाली होती. लिहिलेलं खोडायचं, पुन्हा लिहायचं, मग कागद घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बायकोला वाचून दाखवायचं, असं चाललं होतं.

"ही जाहिरात आहे की पोलिसात दिलेली तक्रार?" बायको म्हणाली. "कुठे पोचा आला, कुठे रंग उडाला, कुठे गंज धरला. वाचून कुणी विकत घेईल की सांत्वनाला येईल?"

"खोटं लिहू का मग?"

"खोटं नको. थोडं कमी लिहा."

कमी लिहिणं कवळीवाल्यांना जमण्यासारखं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि घरामागच्या खोलीत बसून ते त्यावरून दात घडवायचे. तीस वर्षांत एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. कुठेही बोट फिरवलं तरी खुपता कामा नये. जिभेला केसाएवढा खडबडीतपणाही कळतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. टेबल, दाराची मूठ, कपाचा कान, हाताला लागेल त्या वस्तूवरून त्यांचा अंगठा आपोआप फिरायचा आणि खुपली की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं.

फ्रेम विकायची वेळ आली ती कानामुळे. गेल्या वर्षी मोठा ताप आला, तो उतरला, पण जाताना एका कानातला तोल घेऊन गेला. चालताना काही वाटत नसे. सायकलवर बसलं की मात्र रस्ता एका बाजूला कलायचा. दोनदा पडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता दोन चाकं बंद. कवळीवाले आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग त्यांनी सायकलचे सगळे भाग सुटे केले. चाकं, साखळी, ब्रेक हे सगळं इतक्यांदा बदललं होतं की त्याचं दुःख नव्हतं. खरी जुनी होती ती फ्रेम. बारीक पोलादी नळ्यांची, डोंगरवाटांसाठी केलेली, आता कुणी करत नाही अशी. रंग मुळात निळा होता, आता तो ज्याने त्याने आपापल्या नजरेने ठरवायचा.

आणि त्या फ्रेमवर होतं टेंगूळ.

हँडलपासून खाली पेडलकडे जी तिरकी नळी येते, तिच्यावर वरून वीतभर अंतरावर पितळेचा एक जाडजूड जोड होता. बेढब, गाठीगाठींचा. बावीस वर्षांपूर्वी तिथे चीर पडली होती, आणि मेहुण्याने ती जोडून दिली होती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फाटकं, खिडक्यांचे गज, शिड्या अशी कामं करायचा. तेव्हा त्याने नुकतंच स्वतःचं वर्कशॉप उघडलं होतं. फ्रेम त्याने अकरा दिवस ठेवून घेतली आणि एक पैसा न घेता परत आणून दिली. कवळीवाल्यांनी जोडावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सासरहून आजवर एकच गोष्ट मिळाली, तीही टेंगूळ."

सगळे हसले. विनोद जमला होता, आणि जमलेला विनोद एकदाच वापरून टाकून द्यायचा, असा कवळीवाल्यांचा स्वभाव नव्हता. लग्नकार्यात, वाढदिवसाला, पाहुणे आले की, सायकल दिसली की, न दिसली तरी. "अकरा दिवस लागले हो त्याला, टेंगूळ पिकायला वेळ लागतो." बायको हसायची, मुलगी हसायची, शेजारी हसायचे. मेहुणाही मान खाली घालून थोडं हसायचा. मुळातच तो अबोल. हळूहळू त्याचं येणं कमी झालं. भांडण म्हणावं असं काहीच झालं नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

जाहिरातीतही शेवटी ते वाक्य आलंच. "पुढच्या नळीवर जुना जोड आहे. दिसायला बेढब. सासरहून आलेला असल्यामुळे परत घेतला जात नाही."

पहिला फोन एका कॉफीच्या दुकानवाल्याचा आला. त्याला फ्रेम भिंतीवर टांगायची होती, वर दिवे सोडायचे होते. कवळीवाल्यांनी त्याला इतक्या थंडपणे नकार दिला की बायको बाहेर येऊन बघून गेली. "जिने सव्वीस वर्षं डोंगर उतरला तिला दिव्याचा खांब करायचा?" ते म्हणाले. ती चालली पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता. आपलं चालवणं संपलं, तिचं का संपावं?

दुसरा फोन गुरुवारी सकाळी आला. बाई बोलत होत्या. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी मोजायचं त्यांचं काम. रोज वर जायचं, ठिकठिकाणी रोवलेल्या पट्ट्यांवर पाणी कुठवर आलंय ते लिहून घ्यायचं आणि खाली यायचं. उंच होत्या, त्या मापाची फ्रेम त्या सहा महिने शोधत होत्या.

"फ्रेम मला हवीच आहे," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. तो जोड. तुम्ही गमतीत लिहिलंय, पण मला रोज त्याच्यावर बसून उतार उतरायचाय. तो टिकेल असं तुम्ही मला सांगाल का? तुम्ही सांगितलं तर मी शनिवारी येते."

एरवी टेंगळाचं नाव निघताच कवळीवाल्यांची जीभ सुटायची, ती आज टाळ्याला चिकटली. "उद्या कळवतो," एवढंच ते म्हणाले.

आपण स्वतः बावीस वर्षं त्याच्यावर बसलो, ही गोष्ट खरी. पण त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि ती जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी, काम नव्हतं म्हणून, त्यांनी फ्रेम मागच्या खोलीत आणली होती आणि कवळ्या घासायच्या बारीक यंत्राने ते टेंगूळ गुळगुळीत करायला घेतलं होतं. दोन बोटं जागा छान झाली. मग यंत्राचं टोक घसरलं आणि पितळ सोडून शेजारच्या नळीत गेलं. एक ओरखडा पडला. त्यांनी यंत्र बंद केलं, वर रंगाचा हात मारला आणि विषय स्वतःपुरता मिटवला. एवढी वर्षं तो त्यांना कधी आठवला नव्हता. आता त्या बाई उतारावरून येताना डोळ्यांसमोर दिसू लागल्या आणि तो ओरखडा त्यांना खुपायला लागला.

"भावाला विचारा," बायको म्हणाली. "ज्याने केलंय तोच सांगेल."

"त्याच्याकडे जाऊ?"

"नाही तर काय, तो येणार आहे? किती वर्षांत आलाय?"

शुक्रवारी दुपारी कवळीवाले फ्रेम खांद्यावर अडकवून बसमध्ये चढले. कंडक्टरने फ्रेमकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मागे उभं राहायला सांगितलं. मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये ते यापूर्वी कधी गेले होते, हे वाटेत आठवायचा प्रयत्न केला. उद्घाटनाला. त्यानंतर नाही.

आत जळलेल्या लोखंडाचा वास होता. भिंतीला अर्धवट फाटकं टेकवून ठेवली होती. मेहुणा जमिनीवर उकिडवा बसून एक बिजागरी जुळवत होता. त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवला, आधी माणूस पाहिला, मग फ्रेम, आणि घाईघाईने उठला.

"भावोजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. सगळे बरे आहेत." कवळीवाल्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली. आपण आलो की याच्या मनात पहिली गोष्ट वाईट बातमीची येते, हे त्यांना लागलं. "कामाचं विचारायचं होतं. हे विकतोय. घेणाऱ्या बाई रोज डोंगर उतरणार आहेत. हा जोड टिकेल का?"

मेहुण्याने हात पायजम्याला पुसले, फ्रेम उजेडाकडे वळवली आणि जोडावरून बोट फिरवत गेला. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथे कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला.

खोटं बोलायला कवळीवाल्यांना हीच शेवटची संधी होती. "मी," ते म्हणाले. "गुळगुळीत करायला गेलो. माझं यंत्र घसरलं. खाली ओरखडा आहे. वर रंग लावला."

"कधी?"

"पंधरा वर्षं झाली."

मेहुण्याने पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन रंग काढला. ओरखडा दिसला. कवळीवाल्यांना वाटला होता त्यापेक्षा खोल होता. मेहुणा त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिला की बाहेर एक गाडी मागेपुढे करून निघूनही गेली.

"इथूनच तुटायला हवं होतं," तो शांतपणे म्हणाला. "दोन-तीन वर्षांत. तुमच्याकडे तो दात बघायचा आरसा असतो ना? आहे का आत्ता?"

होता. चष्म्यासारखाच तो त्यांच्या खिशात कायम असायचा. मेहुण्याने पेडलच्या बाजूच्या भोकातून नळीत बॅटरीचा उजेड सोडला आणि आरसा हँडलच्या बाजूने आत घालायला सांगितलं. कवळीवाल्यांनी सवयीने मनगट वळवलं आणि एक डोळा मिटला.

आत दुसरी नळी होती.

बाहेरच्या नळीच्या आत घट्ट बसवलेली, हातभर लांब असावी. तिच्या कडेला पितळेची एक बारीक रेघ गोल फिरून परत स्वतःला येऊन मिळाली होती. कुठे गाठ नाही, फट नाही, थेंब ओघळलेला नाही. कवळीवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या होत्या. त्यांनी आरसा पुन्हा फिरवला. शोधूनही काही सापडलं नाही.

"हे तू केलंस?"

"अजून कोण करणार?"

"आणि बाहेर हे असं का ठेवलंस मग?"

"मुद्दाम. पितळ जाड आणि लांबवर पसरलेलं हवं, म्हणजे धक्का एका जागी बसत नाही. कानस मारली की दिसायला बरं होतं, पण कानस शेजारच्या नळीला लागते. या नळ्या आधीच पातळ. पातळ झाली की तिथेच चीर." त्याने ओरखड्याकडे नुसती मान केली. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "इथे तुमची बाहेरची नळी गेल्यातच जमा होती. आतल्या नळीवर चाललं सगळं."

"अकरा दिवस त्यातच गेले का?"

"अशी पातळ नळी मी तोवर जोडली नव्हती. फाटकाचं लोखंड वेगळं. भंगारातून तशाच नळ्या आणल्या, जोड करून बघितले. करायचे, वर वजन टांगायचं, मोडायचे. चौथा मोडला नाही. मग तुमच्या फ्रेमला हात लावला."

कवळीवाले शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांना उतारावरचं उघडं गटार आठवलं. मुलगी सहा वर्षांची होती, मागच्या सीटवर बसून गाणं म्हणत होती. पुढचं चाक गटारात गेलं आणि पार दुमडलं. दोघं शेजारच्या गवतात पडली, खरचटण्यावर भागलं. फ्रेम जशीच्या तशी. तो किस्साही त्यांनी शंभर वेळा सांगितला होता. दर वेळी शेवटी म्हणायचे, त्या काळचं पोलाद, तसं आता मिळायचं नाही. आणि लगेच पुढे टेंगळाचा विनोद.

"ओरखड्यानंतरचीच ती गोष्ट," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "आधी ओरखडा. मग पावसाळ्यात गटार. पोरगी मागे होती."

मेहुण्याने बॅटरी नळीपासून बाजूला घेतली.

"तू कधी सांगितलं का नाहीस? बावीस वर्षं?"

"पहिल्या दिवशी सांगणार होतो. फ्रेम घेऊन आलो तेव्हा." मेहुण्याने बॅटरी बंद केली. "पण तुम्ही आधी बोललात. सगळे हसले. ताईसुद्धा. मग म्हटलं, आता सांगितलं तर वाटेल राग आलाय."

कवळीवाल्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मनात शब्द जुळवू लागले. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाला आभार मानता येऊ नयेत, ही लाजेची गोष्ट होती. "माझी पोरगी तुझ्यामुळे आहे," अखेर ते म्हणाले. "मीही आहे. आणि मी तुझं हसं करत फिरलो."

"असू दे, भावोजी," मेहुणा म्हणाला. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला, कदाचित कामासाठी, कदाचित तोंड लपवायला. "ती जागा मी भरून देतो. बघू नका इकडे, डोळे दुखतील."

कवळीवाल्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागे ज्योत सूं करत होती. अर्ध्या तासाने त्यांनी पाहिलं तर टेंगूळ आणखी मोठं झालं होतं. त्यांचा अंगठा त्याच्यावरून गेला, सगळीकडे खुपला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते खुपणं बरं वाटलं.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "त्या बाईंना बोलावतो. त्यांना तू सांग."

"मला नाही बोलता येत."

"मग मी सांगतो. पण तू हवास."

घरी आल्यावर त्यांनी बाईंना फोन करून यायला सांगितलं, आणि मग बायकोला सगळं सांगितलं, ओरखड्यासकट. ती भाजी चिरत होती. चिरणं थांबलं. "मीही हसले," ती म्हणाली. "माझा भाऊ होता आणि मीही हसले." त्या दिवशी भाजी जरा जास्तच बारीक चिरली गेली.

शनिवारी पाणीवाल्या बाई वेळेवर आल्या. खरोखरच उंच होत्या, दारात वाकल्या. मेहुणा त्यांच्या आधीच येऊन खिडकीपाशी बसला होता, धुतलेला शर्ट घालून, पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर. बाईंनी फ्रेम उचलून पाहिली, नळ्यांतून डोळा लावून सरळपणा बघितला, आणि बोट नेमकं जोडावर ठेवलं.

"हेच का ते सासरहून आलेलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मेहुण्याने आपल्या चपलांकडे पाहिलं. बावीस वर्षांची सवय कवळीवाल्यांच्या ओठांपर्यंत येऊन गेली.

"ते मी मूर्खपणाने लिहिलं," ते म्हणाले. "हा जोड या माझ्या मेहुण्याने केलाय. अख्ख्या फ्रेममध्ये सगळ्यात भक्कम जागा तीच आहे. आत दुसरी नळी आहे, मी स्वतः बघितलीय, तुम्हालाही दाखवतो. इथे मी एकदा अक्कल पाजळून ओरखडा काढला होता, तो त्याने काल भरला. बाकीची फ्रेम कुठल्या कारखान्याने केली ते मला माहीत आहे. पण दर वेळी मी ज्याच्यामुळे धडपणे घरी आलो, तो हा इथे बसलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हाला एकच विनंती. तिथे घासायला कुणाला हात लावू देऊ नका."

बाईंनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या मेहुण्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझ्या कामाच्या सायकलला काही झालं तर तुमच्याकडे आणू का?" मेहुण्याने होकार दिला. त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी फ्रेम खांद्यावर घेतली आणि पायऱ्या उतरताना ती कुठे आपटू नये म्हणून भिंतीकडे दुसरा हात धरला. कवळीवाले तेवढं पाहून आत आले. फ्रेम गेली याचं वाईट वाटेल म्हणून त्यांनी सकाळपासून मन घट्ट केलं होतं, पण तसं काही वाटलंच नाही.

बायको चहा टाकायला आत गेली. मेहुणा उठला नाही. शर्टाच्या बाहीचं बटण लावत आणि काढत बसला.

"भावोजी, एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"डावीकडचे वरचे तीन दात गेलेत माझे. चार वर्षं झाली. एका बाजूनेच चावतो. आता ती बाजूही दुखते."

"चार वर्षं?" कवळीवाले उभेच राहिले. "अरे, अख्खं गाव माझे दात घालून फिरतंय, आणि तू चार वर्षं..." पुढचं त्यांनी बोलायच्या आत गिळलं, कारण उत्तर त्यांना समजलं होतं. तरी मेहुण्याने ते दिलं, अगदी साध्या आवाजात.

"म्हटलं, पुढची वीस वर्षं तुम्ही त्यावरच बोलाल."

"बोललो असतो," कवळीवाले म्हणाले. "खरंच बोललो असतो."

ते मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आले, दोनदा. मेहुण्याची खुर्ची त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे वळवली. "माप सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाई घेतील. दात मी करीन. आत्ता नुसतं बघू दे."

मेहुण्याने थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून तोंड उघडलं. कवळीवाले वाकले, त्यांनी एका हाताने त्याची मान मागून अलगद धरली, आत पाहिलं, आणि एक अक्षरही बोलले नाहीत.